सत्काराच्या कुंड्या

शेतकरी गट सक्षम झाल्याशिवाय देश उभा राहणार नाही. कुंड्यांतल्या ओल्या कोकोपीटचा, नारळाच्या भुशाचा वास आला की मला हे वाक्य आठवतं, कारण लातूर जिल्ह्यातल्या मुरुडजवळच्या एका शेडनेटमध्ये भरलेल्या मेळाव्यात ते मी प्रमुख पाहुण्यांकडून ऐकलं होतं. तिथल्या बायकांच्या गटाने शोभेची झाडं वाढवली होती आणि लातूरच्या एका मंगल कार्यालयाकडून त्यांना पहिलीच ऑर्डर मिळाली होती. कुंड्या पुसून रांगेत ठेवल्या होत्या. टेम्पो दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. पण सत्काराला हारतुरे नकोत, रोप द्यायचं, असा हल्ली रिवाज आहे. सूत्रसंचालकाने रांगेतली पहिली कुंडी उचलली. "सायेब, ते उद्याच्या आर्डरीचं हाय," गटाची अध्यक्ष म्हणाली. "अहो ताई, तुमचीच जाहिरात व्हायलीय की!" मग पाहुणे झाले, पाहुण्यांचे सोबती झाले, शेवटी गाड्यांचे ड्रायव्हरही झाले. प्रत्येक कुंडी तिच्याच हातून दिली गेली आणि प्रत्येक वेळी फोटोसाठी तिला हसायला सांगितलं. मलाही एक क्रोटन मिळालं. ते परत द्यायला गेलो, तर ती म्हणाली, "न्या भाऊ, आता एकानं काय भागतंय?" मंगल कार्यालयाने शेवटी प्लास्टिकची झाडं आणली. ती अजून हिरवीगार आहेत.