भाकरीपुरती जागा

घाटंजीत गादी भरायची म्हटली की लोक अफरोजकडे जातात, आणि गाणं भरायचं म्हटलं तरी अफरोजकडेच. पुढे दुकान, मध्ये कापूस पिंजायचं यंत्र, मागे स्टुडिओ. स्टुडिओ हा शब्द अफरोजचा. त्याची बायको रुबीना त्याला गोदाम म्हणते, आणि खरं सांगायचं तर तिचंही चुकत नाही. विकल्या न गेलेल्या गाद्या अफरोजने चारी भिंतींना उभ्या लावल्यात, दाराला आतून रजई ठोकली आहे. यंत्र बंद केलं की एवढी शांत खोली अख्ख्या तालुक्यात सापडायची नाही.

त्याचे वडील रहमत हे जुन्या वळणाचे पिंजारी. खांद्यावर पिंजण, म्हणजे कापूस पिंजायची मोठी धनुकली, टाकून गावोगाव हिंडायचे. पिंजणाच्या ताणलेल्या तातीचा तो तांय-तांय आवाज ऐकत अफरोज लहानाचा मोठा झाला, आणि आवाजाचं वेड त्याला तिथूनच लागलं असं तो सांगतो. पेटी शिकायला मात्र कोणी बसवलं नाही. पुढे हाताशी एक जुना कम्प्युटर आला, त्यात गाणी बनवायचं सॉफ्टवेअर आलं, आणि त्या सॉफ्टवेअरच्या पोटात प्लगइन आली. प्लगइन म्हणजे कम्प्युटरच्या आत बसवायचं वाद्य. पेटी, बासरी, ढोलकी, सारंगी, सगळी मंडळी आत. बोटानं छोटा कीबोर्ड दाबायचा, की आतला ढोलकीवाला ठेका धरतो. तो ना चहा मागत, ना सुपारी खाऊन कोपऱ्यात थुंकत, ना ऐन वेळी दुसऱ्या लग्नाची सुपारी घेऊन पळत. काही प्लगइन वाजत नाहीत, ती नुसती गाणाऱ्याचा आवाज नटवतात. कोरडा आवाज आत टाकला की देवळाच्या गाभाऱ्यात गायल्यासारखा घुमून बाहेर येतो.

"दुकानात एक माणूस कामाले भेटत नाई, अन् याच्या डब्यात पन्नास जणं बसून राह्यले," असं रुबीना गिऱ्हाइकांना सांगायची. अफरोज हसायचा. दुकानांच्या जाहिराती, गणपती मंडळांची गाणी, लग्नाची, बारशाची, सगळं त्या गोदामातून निघायचं. आपण कलावंत आहोत असं तो कधी म्हणाला नाही. पण काम बिघडलेलं त्याला खपायचं नाही. गादीत एक गाठ राहिली तरी तो टाका उसवून पुन्हा भरायचा. हा त्याचा गुण, आणि याच गुणाने त्याचा घात केला.

बबनराव आणि भागीरथाकाकू हे जवळच्याच खेड्यातले. घरची कपाशी, त्यामुळे गादीला कापूस घरचाच आणायचे. त्या पावसाळ्यात ते आले ते त्यांच्या प्रेरणासाठी. एकुलती एक मुलगी यवतमाळला कॉलेजात जाणार होती, होस्टेलवर राहणार होती, आणि तिथल्या गाद्यांवर काकूंचा भरवसा नव्हता. शुक्रवार होता. नमाज पढून आल्यावर अफरोज यंत्र चालू करत नसे, मागे जाऊन बसायचा. प्रेरणाने रजईचं दार ढकललं, आत डोकावली आणि विचारलं, "अफरोजभाऊ, इथं कोणालेही गाऊ देता का?"

"कोणालेही नाई," अफरोज म्हणाला, "पण गादी घेणाऱ्याले देतो."

तिने गायलेलं गाणं काकूंचंच होतं. काकूंच्या लहानपणी भुलाबाईच्या मूर्तीपुढे पोरी गाणी म्हणायच्या, त्याच चालीवर काकूंनी स्वतः जुळवलेलं. भाकरी थापताना माय गुणगुणायची, ते ऐकून लेकीला पाठ झालं होतं.

लेक आली माहेरा, काय करू जेवाया?
चुलीवर शिजली आंबाडीची भाजी,
तव्यावर फुगली ज्वारीची भाकर,
बस ना गं बाई, घाई काहून?

यात गाणं म्हणून काय आहे, असं कोणी विचारील. अफरोजनेही मनात तसंच म्हटलं होतं. मग पोरीने तोंड उघडलं, आणि तो कानावरचा हेडफोन दाबून धरून बसला. आवाज मोठा नव्हता, शिकलेला तर मुळीच नव्हता. पण इतका उघडा आणि निर्मळ, की त्याला काही नटवायची गरजच नव्हती. अफरोजने तरी तो नटवला, कारण त्याच आठवड्यात त्याने आवाज घुमवणारं एक नवं प्लगइन उतरवून घेतलं होतं. ते ट्रायलवर होतं. अशी ट्रायलची प्लगइन काही वेळाने आपोआप आवाज बंद करतात, पळभर, आणि पुन्हा सुरू होतात. म्हणजे वापरून बघा, पण काम काढून घेऊ नका. हे अफरोजला ठाऊक होतं. पण बाहेर बबनराव बससाठी घाई करत होते. त्याने घाईघाईत गाणं तयार केलं आणि पेन ड्राइव्हवर घालून दिलं.

दुसऱ्या दिवशी प्रेरणाचा फोन आला. ती हसत होती. "भाऊ, 'ज्वारीची' म्हणते अन् मी गायबच होते! ढोलकी वाजून राह्यली, अन् भाकर कोठी गेली?"

"ट्रायलची भानगड आहे बाई. दिवाळीत येशील ना? पुन्हा गाऊ."

"तवापर्यंत कोणाले पाठवू नका बरं. मैत्रिणी हसतील."

अफरोजने कोणाला पाठवलं नाही. आणि गणपतीच्या दिवसांत कम्प्युटरमध्ये जागा उरेना, तेव्हा त्याने तिच्या आवाजाची मूळ, कोरडी फाइल पुसून टाकली; घुमवलेला, मध्ये तुटलेला आवाज तेवढा राहिला. दिवाळीत पोरगी पुन्हा गाणारच आहे, मग जुनं कशाला सांभाळा?

दसऱ्याच्या अलीकडे प्रेरणाला ताप आला. साधाच वाटला. मग डोक्यात गेला, आणि काकू यवतमाळला पोचेपर्यंत ती कोणाला ओळखेनाशी झाली होती. ती गेली. तिला गावी आणलं त्याच गाडीतून होस्टेलवरचं सामान आलं, त्यात ती गादीही परत आली. अफरोज मातीला गेला तेव्हा त्याला ती ओसरीवर वळकटी करून ठेवलेली दिसली. त्याच्याच हातचे टाके होते. त्याला तिथे उभं राहवेना.

घरी येऊन त्याने कम्प्युटर उघडला. पेटी होती, ढोलकी होती, बासरी होती. ती काय, हजार वेळा पुन्हा वाजवता आली असती. एकदाच मिळाला होता तो प्रेरणाचा आवाज, आणि त्याच्या मधोमध भोक होतं. ते भोक त्याने पाडलं होतं. त्या दिवशी अफरोज गाद्यांत तोंड खुपसून रडला. बाहेर आवाज गेला नाही, पण डोळे पाहून रुबीना काय ते समजली.

बबनरावांच्या घरी ते गाणं रोज लागायचं. एक छोटा स्पीकर होता, त्याला पेन ड्राइव्ह लावलेला. संध्याकाळी काकू चुलीपुढे बसल्या की आधी गाणं लावायच्या, मग पीठ घ्यायच्या. बबनराव कधी दुकानावर आले की हे सांगायचे, आणि शेवटी एवढंच म्हणायचे, "तेवढं मधातलं तुटलं नसतं तर बरं होतं." ते दोष देत नव्हते. त्यांच्या बोलण्यात रागाचा लवलेश नसायचा, आणि तेच अफरोजच्या जिव्हारी लागायचं.

म्हणून त्याने ते भोक बुजवायचं ठरवलं. 'भाकर' हा शब्द गाण्यात एकदाच होता, आणि तोच गेला होता. अफरोजने 'भाजी'तला 'भा' कापून घेतला. 'काय करू'मधला 'कर' घेतला. दोन तुकडे जोडले, तर ते दोन तुकडेच वाटले. मग सूर बदलणारं प्लगइन लावून 'भा' जरा खाली आणला, 'कर' जरा लांबवला. कधी शब्द रडका व्हायचा, कधी यंत्रासारखा. दुपारी यंत्र बंद करून तो आत बसायचा, गिऱ्हाइकं खोळंबायची, रुबीना कावायची. "मेलेल्या पोरीले कायले छळून राह्यले तुम्ही?" ती एकदा म्हणाली. त्याने हेडफोन पुन्हा कानाला लावला. उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, यात सबंध उन्हाळा गेला. आणि एका दुपारी प्रेरणा ज्वारीची भाकर म्हणाली. अगदी सरळ, जणू कधी गप्प झालीच नव्हती. अफरोजने तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. ते भोक कोणाच्या कानावरही पडू नये म्हणून त्याने जुनं गाणं कम्प्युटरमधून काढून टाकलं, आणि गावी जाऊन काकूंच्या पेन ड्राइव्हवरूनही पुसलं. त्या जागी नवं घातलं.

संध्याकाळ होती. काकू चुलीपुढेच होत्या. बबनरावांनी स्पीकर लावला. गाणं सुरू झालं, काकूंचे हात परातीत चालू होते. 'ज्वारीची' आलं, काकूंनी तोंड उघडलं, आणि स्पीकरमधून शब्द आला, 'भाकर'. काकूंचा शब्द ओठातच राहिला. हात थांबले. तव्यावरची भाकरी करपेपर्यंत त्या तशाच बसल्या.

"वा रे पठ्ठ्या!" बबनरावांचे डोळे भरून आले होते. "पुरी झाली पोरगी!"

काकूंनी करपलेली भाकरी बाजूला काढली. अफरोजला चहा दिला, साखर घालायची विसरल्या. त्यांना भरून आलं असेल असं त्याला वाटलं. परत येताना कितीतरी महिन्यांनी त्याला हलकं वाटत होतं.

पुढे एका बाजाराच्या दिवशी काकू एकट्याच दुकानात आल्या. पदरात पेन ड्राइव्ह बांधलेला. "बाबू, मले पहिलंवालं गाणं दे," त्या उभ्या उभ्याच म्हणाल्या. "लवकर दे, ऑटो थांबून आहे. तो निघून जाईन."

अफरोजला काही कळेना. "काकू, ते तर तुटलेलं होतं."

"हो ना. तुटलं होतं म्हणून तर." काकूंनी पदराची गाठ सोडली, पुन्हा बांधली. "तिचं गाणं तेथी अडकायचं, अन् मी म्हणायची, 'भाकर'. मंग ते पुढं जायचं. रोज. लहानपणी असंच शिकवलं होतं मी तिले. ती विसरली का मी सांगायची. आता ती आपलीच म्हणते, बाबू. मले विचारतच नाई. तुह्या काकांले चांगलं वाटते, मी त्यांले काई बोलली नाई. पण मी गाणं लावणं सोडलं. तिले आता माही गरज नाई राह्यली."

जुनं गाणं कुठेच नव्हतं. अफरोजने स्वतःच्या हाताने, मोठ्या प्रेमाने, दोन्हीकडून पुसलं होतं. हे काकूंना सांगताना त्याची मान वर होईना.

"मंग आता?" काकूंनी विचारलं.

"आत या," तो म्हणाला.

त्याने त्यांना गाद्यांच्या खोलीत नेलं. काकू पहिल्यांदाच तिथे आल्या होत्या. लेक कुठे उभी राहून गायली ते त्यांनी विचारलं, अफरोजने जागा दाखवली, आणि त्या तिथेच, तिच्या जागी उभ्या राहिल्या. बसायला दिलेली खुर्ची घेतली नाही, म्हणाल्या ऑटोवाला ओरडेल. पडद्यावर प्रेरणाचा आवाज काळ्या रेघोट्यांनी पसरलेला होता. अफरोजने तो शब्द निवडला. सबंध उन्हाळा त्याने या शब्दाचे टाके घातले होते, आणि इतकं ऐकून ऐकून तो आता त्यालाही तिचाच वाटायचा. त्याचं बोट क्षणभर अडलं. मग त्याने शब्द कापला.

गाणं लावलं. 'ज्वारीची' आलं, ढोलकी चालत राहिली, काकूंच्या घशात हुंदका होता, शब्द यायला उशीर झाला, आणि प्रेरणा पुढे निघून गेली.

"जराशी मोठी ठेव ना जागा," काकू काकुळतीने म्हणाल्या. "मले आता लवकर नाई निघत."

"ठेका मोडते, काकू."

"मोडू दे."

अफरोजने पुढचं सगळं गाणं उचलून मागे सरकवलं. ढोलकीलाही थांबवलं, पेटीलाही. कम्प्युटरमधली माणसं ती, सांगितलं तेवढं थांबतात. आता त्या जागी काहीच नव्हतं, गाद्यांच्या त्या खोलीत श्वाससुद्धा ऐकू येत होता. त्याने पुन्हा लावलं.

चुलीवर शिजली आंबाडीची भाजी, तव्यावर फुगली ज्वारीची... आणि सगळे थांबले. अर्धवट लोटलेल्या रजईच्या दारातून ऑटोवाल्याचा भोंगा येत होता. काकूंनी डोळे पुसले, आणि भसाड्या, थकल्या आवाजात म्हणाल्या, "भाकर."

"बस ना गं बाई," प्रेरणा म्हणाली, "घाई काहून?"

काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. अफरोजने बाहेर जाऊन ऑटोवाल्याला जायला सांगितलं.