शेवटच्या हुकावरचा पाहुणा

आमच्या कारखान्यात शेवटचा हूक पाहुण्यांसाठी असायचा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधला पावडर कोटिंगचा प्लांट. बाल्कन्यांची रेलिंग, दिव्यांचे खांब, विजेच्या पेट्या, सगळं साखळीला लटकत यायचं, बूथमध्ये रंगाची पावडर अंगावर घ्यायचं आणि भट्टीतून भाजून बाहेर पडायचं. रंग बदलायचा तर आख्खा बूथ साफ करायला दोन तास जातात, म्हणून रंगांचे वार ठरलेले. मंगळवार काळा. घरचं काही काळं करून हवं असेल तर ते मंगळवारी आणायचं आणि बॅचच्या शेवटी टांगायचं. जॉब कार्ड नाही, एन्ट्री नाही. सायकलची फ्रेम, झाडाच्या कुंडीचा स्टँड, कॅम्पमधली खुर्ची. मराठी माणसांनी कधीतरी त्याला 'पाहुणा' नाव दिलं आणि मग मल्याळी, नेपाळी, पठाण, सगळेच विचारू लागले, "मॅडम, आज पाहुना है क्या?" माझ्या मुलाची स्कूटर मीही अशीच काळी करून घेतली होती. तेव्हा नियमांच्या गप्पा मी मारणार नाही. तो हक्क मी कधीच घालवलाय.

मी तिथं क्वालिटी बघायचे. पुण्याहून आलेली, इंजिनीअर, हातात गेज आणि तोंड भलतं चालणारं. माझ्या हाताखाली मास्किंगला एक काका होते. रंग जाऊ नये म्हणून माल बूथमध्ये जाण्याआधी भोकं बुजवायची, आटे झाकायचे, हे त्यांचं काम. अंबरनाथचे. तरुणपणी काही वर्षं सरकारी शस्त्रांच्या कारखान्यात फिनिशिंगला होते, मग इकडे आले आणि अठरा वर्षं इथंच राहिले. एकुलती मुलगी, उशिरा झालेली. ऊद मेथा भागातल्या शाळेत दहावीला. माझा मुलगाही त्याच शाळेत, तिसरीत. काकांचा एकच धोशा असायचा, "मार्चपर्यंत मॅडम. बोर्डाची परीक्षा झाली की यल्ला, गाशा गुंडाळला." त्यांच्या वयाला कंपनी व्हिसा वाढवून देत होती हीच मेहेरबानी, हे त्यांना माहीत होतं. बायकोमुलीचा व्हिसा त्यांच्याच व्हिसावर. म्हणून ते आजारी पडत नसत, उशिरा येत नसत आणि कुणाशी वाद घालत नसत.

त्या ऑक्टोबरात एका मंगळवारी मॅनेजर माझ्या टेबलाशी आला. मॅनेजर म्हणजे आपलाच माणूस, दादरचा. मला ही नोकरी त्यानंच लावली, गणपतीला सहकुटुंब आमच्याकडे जेवायला यायचा. हे 'आपला माणूस' प्रकरण परदेशात फार चढतं बघा डोक्यात. त्यानं कापडात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. "माझ्या मित्राचा पाहुणा आहे. ड्रोनचा ब्रॅकेट. मॅट ब्लॅक, फिनिश एकदम मस्त पाहिजे हं."

मी उघडून पाहिलं. ॲल्युमिनियमचा वीतभर तुकडा, पोकळ, कडांवर कानशीचे ओरखडे. कुणीतरी घरी बसून घासलेला, हे कुणालाही कळलं असतं. मी तो काकांकडे नेला.

काकांनी तो हातात घेतला, उलटा केला, उजेडात धरला. मग पुन्हा कापडात गुंडाळला, अगदी नीट, आणि माझ्या हातात परत दिला.

"हा पाहुणा मी टांगणार नाही मॅडम."

"का? काय झालं?"

"ब्रॅकेट नाही हा. रायफलची बॉडी आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्याकडे याच्यावर पहिल्यांदा नंबर पडायचा. नंबर पडल्याशिवाय हा तुकडा एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचा नाही. यावर नंबर आहे का, बघा. घरी केलाय कुणीतरी. आता रंग चढला की बाजारातल्यासारखा दिसेल. इथं, या देशात, कळतंय ना तुम्हाला?"

कळलं होतं. माझी तर पाचावर धारण बसली. मी तशीच मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले आणि तो हसायला लागला.

"अरे बापरे! म्हाताऱ्याला आता सगळीकडे बंदुका दिसायला लागल्या? शूटिंगवाल्यांचं खेळणं आहे गं. ड्रोन म्हटलं, कारण एवढं कोण समजावत बसणार! तूही ना! तासाभराचं काम आहे, करून टाक, खलास." आणि मग, मी दारापर्यंत पोचले तेव्हा, अगदी सहज, "तुझ्या व्हिसाचं रिन्यूअल माझ्याच टेबलावर आहे बरं का. या आठवड्यात पाठवतो."

आधी ड्रोन, मग खेळणं. दोन मिनिटांत दोन थापा, आणि त्या थापा आहेत हे मला समजत होतं. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. घराचं भाडं, मुलाची शाळा, नवऱ्याची नुकतीच गेलेली नोकरी, हे सगळं एका दमात डोक्यात आलं आणि मी ठरवून टाकलं की ते खेळणंच आहे. ठरवलं की झालं! माणूस स्वतःला किती पटकन पटवतो, हे मला त्या दिवशी कळलं, आणि अजून त्याची शिसारी येते.

जेवणाच्या सुट्टीत लाइनच्या त्या टोकाला कुणी नसतं. साखळी हळूहळू चालू असते, माल आपला जात असतो. मी हातमोजे चढवले आणि तो तुकडा शेवटच्या हुकाला अडकवला. बुजवायचं ते माझ्या परीनं बुजवलं, वाईटच बुजवलं. मग हात धुतले आणि डबा खायला गेले. भेंडीची भाजी होती. मी ती सगळी खाल्ली.

दुपारी माल भट्टीतून बाहेर आला. सगळे हूक भरलेले होते, फक्त शेवटचा रिकामा.

काकांनी तुकडा भट्टीच्या तोंडाशी काढून घेतला होता आणि कटिंगच्या करवतीवर त्याचे चार भाग करून भंगाराच्या पिंपात टाकले होते. लपवलंही नाही. मॅनेजरनं विचारलं तसं म्हणाले, "हो, मी काढला." मॅनेजर पांढराफटक पडला आणि मग लालबुंद झाला. पोलिसात जायची तर सोय नव्हती. जाऊन काय सांगणार, माझी बंदूक तोडली म्हणून? त्यानं वेगळा रस्ता काढला. सुपरवायझरनं दिलेलं काम नाकारलं, ग्राहकाचा माल जाणूनबुजून खराब केला. पत्र तयार. त्यातली सुपरवायझर म्हणजे मी.

दोन दिवसांनी हेड ऑफिसमधून एचआरचा माणूस आला, एक शांत सुदानी गृहस्थ. मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं. तो, मॅनेजर, काका आणि मी. काका युनिफॉर्म इस्त्री करून आले होते. त्या माणसानं पत्र वाचलं आणि काकांना इंग्रजीत विचारलं, हे खरं आहे का?

काका हिंदीत म्हणाले, "काम को मना किया, ये सच है. माल काटा, ये भी सच है."

"क्यों?" त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं.

काका माझ्याकडे बघत राहिले. रागानं नाही. वाट बघत होते. त्यांना बोलता येत होतं हो! तो तुकडा काय होता हे एका वाक्यात सांगता आलं असतं. आणि लगेच पुढचा प्रश्न आला असता, मग टांगला कुणी? कॅमेरा होता लाइनवर. कुणी टांगला ते काकांना पक्कं माहीत होतं. माझं मास्किंग त्यांनीच काढून फेकलं होतं आणि असलं गचाळ काम त्या प्लांटमध्ये दुसरं कुणी केलं नसतं.

ते म्हणाले, "गलती हो गयी साहब. सिर्फ मार्च तक रखो. बेटी का बोर्ड है."

तो सुदानी माणूस चांगला होता. त्याला काहीतरी खटकलं असावं. त्यानं पत्र बाजूला ठेवलं आणि थेट मला विचारलं, "मॅडम, नेमका माल काय होता?"

माझ्यासमोर सगळं मांडून ठेवलं होतं त्यानं. नुसतं तोंड उघडायचं होतं. एरवी फुटक्या रेलिंगवरून पूर्ण शिफ्टला सुनावणारी मी, त्या दिवशी मॅनेजरच्या पेनाकडे बघत बसले.

"ब्रॅकेट," मी म्हणाले.

"फक्त ब्रॅकेट?"

"हो. ड्रोनचा."

काकांनी मान खाली घातली. मी साक्षीदार म्हणून सही केली. माझी सही मोठी आहे, तिला ओळीवर जागा पुरत नाही, तीही मी त्या दिवशी नीट ओळीत बसवली. माझं रिन्यूअल त्याच आठवड्यात आलं.

काकांची नोकरी गेली, व्हिसाही. त्यांनी नंतर पुष्कळ ठिकाणी हातपाय मारले म्हणे. पार अबू धाबीच्या मुसफ्फापर्यंत जाऊन आले. छप्पन्न वर्षांच्या माणसाला, असल्या पत्रासकट, कोण घेणार? "इन्शाल्ला, कळवतो," एवढंच सगळे म्हणाले. लाइनवर कुणी माझ्याशी भांडलं नाही, त्यांना खरं माहीतच नव्हतं. पाहुणे टांगायचं मात्र आपोआप बंद झालं. मंगळवारी शेवटचा हूक रिकामा यायचा आणि मी दर वेळी त्याच्याकडे बघायचे.

नोव्हेंबरात एकदा मुलाच्या बसचा फॉर्म द्यायला मी शाळेत गेले. ऑफिसच्या बाहेर बाकावर काकांची बायको बसली होती, मांडीवर कागदांची पिशवी. शेजारी मुलगी, युनिफॉर्मशिवाय. शाळा सोडल्याचा दाखला न्यायला आल्या होत्या. मी मागच्या मागे वळणार होते, पण मुलीनं मला पाहिलं होतं. ती उठून आली. उंच झाली होती, काकांसारखंच कपाळ.

"बोर्डाचं काय?" मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"नॉट धिस इयर, आंटी. अंबरनाथला मिड-इयर कुणी घेत नाहीये. आय विल रिपीट." तिनं खांदे उडवले, पण ओठ घट्ट मिटलेले होते. मागून तिच्या आईनं खूण केली, सांग ना, सांग. मुलगी थोडी लाजली आणि पाठ केल्यासारखं म्हणाली, "बाबांनी आम्हाला सांगितलं. तुम्ही एचआरसमोर बाबांसाठी किती भांडलात ते. नोबडी एल्स डिड. थँक यू, आंटी."

काकांनी हे का सांगितलं, मला ठाऊक नाही. मुलीनं जगात कुणीतरी आपल्या बाजूनं उभं राहिलं असं समजावं म्हणून, की हे एक दिवस माझ्या कानावर येईल हे त्यांना माहीत होतं म्हणून. त्यांना विचारायची माझी छाती नव्हती, आजही नाही. बाकावरून तिची आई हात जोडून माझ्याकडे बघत होती.

मी काय केलं? मी त्या मुलीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "इट्स ओके, बेटा."