पिंडाजवळ ठेवलेली क्वार्टर

माझा थोरला भाऊ लिंबू सोडा प्यायचा. मीठ घातलेला, बिनसाखरेचा. रिहे गावातल्या एखाद्या फार्महाऊसवर मित्र जमले की त्याचा ग्लास वेगळा ठरलेला असे, आणि चेष्टाही ठरलेली. आमच्याकडे पुरुषाची पारख त्याच्या ग्लासावरून होते. देशी घेतो तो दिलदार. बियर मागितली की मारुंजीत भाड्याने राहणारा आयटी कंपनीवाला, आणि महागडी बाटली उघडणाऱ्याने नुकतीच जमीन विकलेली. काहीच न घेणारा एक तर बायकोला भितो, नाही तर चोरून पितो. दादाला हे दोन्ही ऐकवत. तो हसून सोड्याचा ग्लास उंच धरायचा.

तो गेला कासारसाईच्या धरणाच्या काठावर. संध्याकाळी घरी येता येता टेम्पो रस्त्याकडेला लावून एकटाच खाली जाऊन बसला होता. तिथेच त्याचं हृदय थांबलं. सापडला तेव्हा आसपास रिकाम्या बाटल्या पडलेल्या होत्या. त्या काठावर त्या नेहमीच असतात, लोक तिथे प्यायलाच जातात. मी त्याच्या तोंडाशी वाकलो होतो. वास नव्हता. गावात मी हे ज्याला त्याला सांगितलं. सगळ्यांनी समजूतदारपणे मान हलवली.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. शेजारी वहिनीने लिंबू सोड्याचा ग्लास ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. तुझ्या मुलीला शिकवीन, वहिनीला अंतर देणार नाही, असं मी हात जोडून म्हणालो. कावळे तसेच. ऊन चढू लागलं, लोक कुजबुजू लागले. शेवटी आमचे चुलते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता लाजायचं न्हाई. त्याला जे लागत हुतं ते ठिवा. अडून बसलाय त्यो."

दादाच्या एका मित्राने गाडीच्या डिकीतून दारूची क्वार्टर आणली. मी त्याला अडवायला पुढे झालो, तर पदर डोक्यावर ओढून उभी असलेली वहिनी म्हणाली, "ठेवू द्या, भाऊजी. कळू दे एकदाचं."

तिचा आवाज ऐकून मी घाबरलो. म्हणजे तिलाही शंका होती.

बाटली उघडून पिंडाजवळ ठेवली आणि सगळे मागे सरले. घाटावरचा प्रत्येक माणूस कावळ्याची वाट पाहत होता. मी मात्र तो येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून उभा होतो. आता शिवला तर दादा गावासाठी कायमचा चोरून पिणारा ठरणार होता, आणि घरात वहिनीसाठीही. कावळा शिवला नाही तर जिवाला शांती नाही, असं लहानपणापासून ऐकत आलो. पुस्तकं वाचून त्यातलं बरंचसं मी सोडून दिलं होतं. त्या क्षणी ते सगळं परत आलं, आणि तरीही मी भावासाठी अशांती मागत होतो.

कावळा आला. भाताचं एक शीत उचलून उडाला. सोडा आणि क्वार्टर दोन्ही त्याच्यापासून हातभर अंतरावर होती. पण लोक मोकळे झाले होते. "बघा, म्हणलं न्हवतं," असं कुणीतरी म्हणालं, तेही मायेने.

परतताना वहिनी माझ्याबरोबर मागे राहिली. गावातले लोक बरेच पुढे गेल्यावर मी तिला सांगितलं की कावळ्याला भूक लागली होती, बाकी काही नाही. दादा पीत नव्हता, मला खात्री आहे.

"मलाही आहे," ती म्हणाली. "इतकी वर्षं शेजारी झोपलेय, मला वास आला नसता? म्हणून तर वाटत होतं, कावळा त्या बाटलीपाशी यावा."

मला काही समजेना. मी तिच्याकडे पाहिलं.

"प्यायला गेले असते तर बरं झालं असतं, भाऊजी. पीत नव्हते, मग घरी यायचं सोडून तिथे एकटे कशाला जाऊन बसले होते?"

ती थांबली होती. मग पदर डोक्यावर ओढून लोकांच्या मागे चालू लागली.