दोन पियानो आणि एक कानाचं मशीन

मैफलीत ऑर्केस्ट्राची सिंफनी दोनच पियानोंवर वाजत होती. शेजारच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्या बाई, कानात ऐकायचं मशीन घालून, दोन मैत्रिणींच्या गप्पांत बसल्यासारख्या कधी या, कधी त्या पियानोकडे बघून हसत होत्या.

मध्यंतरात मी बायकोला म्हणालो, "ऑर्केस्ट्राची मजा नाही."

ते ऐकून बाई माझ्याकडे वळल्या; बेळगावच्या निघाल्या. "अण्णा, सगळे एकदम वाजवले की मशीनमध्ये नुसता गलका होतो. दोघंच असले की कोण काय बोलतंय ते कळतं. किती वर्षांनी अख्खी सिंफनी ऐकली बघा!"

येलहंक्याला घरी माझ्या आईच्याही कानात मशीन आहे. सगळे जमले की ती गप्प बसते. ती फुगून बसते असंच मी समजत आलो, हे आज कबूल करतोय.

घरी जाऊन टीव्ही बंद केला आणि एकटाच तिच्यासमोर बसलो.

"बाकीचे कुठं गेले?" आई म्हणाली. "बरं झालं. आता बोल."