नथूचा धुरकट मोहितो

नथू दारूला शिवत नाही, आणि दिवसभर लोकांना दारूचे पेले बनवून देतो. टोकावड्याच्या पुढे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्याला ‘डोंगरछाया’ नावाचं एक रिसॉर्ट आहे. तिथल्या बारमध्ये काउंटरमागे काळं जाकीट घातलेला, पन्नाशीला टेकलेला, कानांवर पांढरे केस आलेला जो माणूस दिसतो, तो नथू. मोहितो म्हणजे पुदिना चोळायचा, लिंबू पिळायचं, साखरपाणी, पांढरी रम, बर्फ, सोडा, आणि पेला पुढे सरकवण्याआधी एकदा नाकाखालून न्यायचा. बस. चव बघणं नाही. पाहुण्यांना वाटतं ही हॉटेलवाल्यांची काहीतरी ऐट असेल. ऐट कसली, बिचाऱ्याचा नाइलाज आहे.

हा नाइलाज म्हसा गावच्या, म्हसोबाच्या जत्रेत जन्माला आला. त्या काळी नथू पीत असे, आणि हातचं राखून नव्हे. आपला तांबडा बैल विकायला तो जत्रेच्या बाजारात गेला. गिऱ्हाईक काही पटलं नाही, पण वाडीतला कमळू भेटला आणि दोघे बसले ते उन्हं कलेपर्यंत बसले. मग नथूने बैल सोडला आणि वाट धरली. घरी पोचला तेव्हा बायको, पारू, दिवा घेऊन दारात आली. तिने आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग बैलाकडे. बैल पांढराशुभ्र होता. आपला तांबडा जत्रेत खुंट्याला बांधलेला राहिला होता आणि नथू दुसऱ्याचंच जनावर हाकत, त्याच्याशी सुखदुःखाच्या गोष्टी करत घरी आला होता.

दुसऱ्या दिवशी पारू त्याला आणि बैलाला घेऊन चालत म्हशाला गेली. पांढऱ्या बैलाचा धनी तिथे डोक्याला हात लावून बसला होता. त्याने भर बाजारात तोंड सोडलं, आणि चोर म्हणायचंही बाकी ठेवलं नाही. नथू कसनुसा हसत उभा राहिला. ऐकून घेतलं ते पारूने, पदर डोक्यावर ओढून, खाली मान घालून. तो माणूस दमला तेव्हा तिने आपला तांबडा सोडवला आणि नवऱ्याला म्हसोबापुढे नेऊन उभं केलं. पायरीवर त्याचा हात ठेवला आणि म्हणाली, “बोला. जिभेवर थेंब नाय.” नथू बोलला. तेव्हापासून तो शब्द त्याने पाळला आहे. वाडी मात्र अजून विसरलेली नाही. नथू दिसला की कुणीतरी विचारतंच, “काय नथू, बैल कुणाचा?”

रिसॉर्टमध्ये तो लागला तो माळी म्हणून. बारला लागणारा पुदिना त्याच्याच वाफ्यातला. ताजा पुदिना घेऊन आत जाता-येता पेले कसे बनतात हे त्याने पाहून ठेवलं होतं. एका रविवारी बारवाला कुणाला न सांगता काम सोडून गेला आणि बाहेर तर गाड्यांची रांग लागलेली. मॅनेजर भावेश, मूळचा कल्याणकडचा, तिशीतला पोरगा, घायकुतीला आला होता. तो म्हणाला, “नथूमामा, आजचा दिवस उभे राहा.” नथू उभा राहिला आणि उभाच राहिला. पुदिना जास्त रगडला की कडू होतो हे त्याला माळी म्हणून ठाऊक होतं, आणि लिंबू किती पडलं ते नाक सांगत होतं.

एक सवय त्याने वाडीतून तशीच आणली होती. बाटली उघडली की पहिले दोन थेंब बोटाने जमिनीवर शिंपडायचे, वाडवडिलांच्या नावाने. त्यांच्याकडे सगळे तसंच करतात. आधी जुन्यांना द्यायचं, मग ओलं बोट आपल्या जिभेला लावायचं, मग पेला. नथू शिंपडून थांबायचा आणि बोट फडक्याला पुसायचा.

पारूला हे काम कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “चोराच्या हाती किल्ल्या दिल्या शेटनी,” असं म्हणून ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ते अट घालायला. दिवेलागणीला घरात पाहिजे, नाहीतर काम सोडायचं. भावेशने ते मान्य केलं आणि रात्रीला दुसरा माणूस ठेवला. नथू निघण्यापूर्वी पिळलेल्या लिंबाच्या साली हातांना चोळून हात धुतो आणि घरी येतो. दारात पारू पाण्याचा तांब्या देते. तो पाणी पितो तेव्हा ती जवळ येऊन उभी राहते, काही काम असल्यासारखी, आणि त्याच्या तोंडाचा वास घेते. दोघांनाही ते माहीत आहे. इतक्या वर्षांत त्यावर कुणी एक शब्द काढलेला नाही, पण नथूला ते रोज थोडं लागतं.

तर गेल्या डिसेंबरात भावेशने एक बाटली काउंटरवर आणून ठेवली.

“नथूमामा, थंडीत गार मोहितो कोण पिणार? मालक म्हणतात, रमच्या जागी ही व्हिस्की घाला. धुरकट आहे. परदेशात दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि तिच्या धुरावर धान्य सुकवतात, त्याची ही. थर्टीफर्स्टला आपला खास पेला पाहिजे.”

नथूने बूच काढलं, दोन थेंब शिंपडले आणि वास घेतला. वास ओळखीचा निघाला. भात पेरण्याआधी शेतात राब भाजतात, शेण, पालापाचोळा, गवत, वर माती टाकून, त्या धुराचा वास. परदेशातली माणसंही माती जाळतात म्हटल्यावर नथूला त्यांच्याबद्दल आपलेपणा वाटला. राबच आहे म्हटल्यावर तो पुरा करावा, असं त्याच्या डोक्यात आलं. त्याने घरून वाळल्या शेणाची एक शेणी आणली. मागच्या अंगणात ती पेटवली, पेला उपडा घालून त्यात धूर कोंडला, आणि त्या पेल्यात व्हिस्की, लिंबू, साखर, पुदिना घालून मुंबईच्या एका पाहुण्याला दिलं. नाकाला पेला झकास लागत होता.

पाहुण्याने घोट घेतला आणि तो खोकायलाच लागला. डोळे पुसत त्याने विचारलं, “कसला धूर आहे हा?”

नथू खोटं बोलणारा नव्हे. “शेणीचा,” त्याने सांगितलं.

पाहुण्याने पेला दोन बोटांनी धरून लांब ठेवला. त्याच्या बायकोला हसू आवरेना. भावेशला मात्र हसू आलं नाही. त्याने नथूला बाजूला घेतलं. तो ओरडला नाही, म्हणून नथूला जास्त लागलं.

“मामा, चव न घेता कसं जमणार? साधा मोहितो ठीक आहे, तो तुमच्या हातात बसलाय. नवीन पेला जिभेशिवाय बनत नाय. रविवारी दुपारी मालकांचे पाहुणे जेवायला येणार आहेत. जमला तर काउंटर तुमचं. नाय तर पंकज म्हणून कल्याणचा एक पोरगा आहे, शिकून आलाय. तो येईल. तुम्ही परत बागेत.”

बागेत काम वाईट नव्हतं. नथूला मातीत हात घालायला आवडतं. पण काउंटरमागे उभं असताना त्याला ‘बैल कुणाचा?’ असं कुणी विचारत नव्हतं. तिथे तो दारूच्या कपाटाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस होता. ज्याच्यावर बायकोचाही भरवसा नाही त्याच्यावर शेटचा भरवसा होता. बागेत परत जायचं म्हणजे वाडीतल्या बैलवाल्या नथूकडे परत जायचं, आणि ते त्याला नको होतं.

शनिवारी दुपारी भावेशला विचारून त्याने थोडी व्हिस्की एका छोट्या बाटलीत घेतली आणि लवकर घरी गेला. पारू पाण्याला गेली होती. त्याने ओटीवर स्टीलचा पेला मांडला, लिंबू कापलं, पुदिना चोळला. या वेळी शेणी नाही. सगळं घातलं, वास घेतला. काहीतरी चुकत होतं, पण काय ते नाक सांगेना. भावेश म्हणाला ते खरं होतं. एक थेंब जिभेवर ठेवला असता तर लगेच कळलं असतं.

त्याने पेल्यात बोट बुडवलं आणि उंबऱ्याबाहेर दोन थेंब शिंपडले. बोट ओलं होतं. हाताला जुनी सवय होती, तो आपसूक वर आला, ओठापर्यंत आला. घरात कुणी नव्हतं. म्हसोबा म्हशाला होता. नथू तसाच थांबला. मग त्याने हात खाली नेला आणि बोट जमिनीवर घासलं, कातडी सोलेल एवढ्या जोराने.

मान वर केली तर अंगणात पारू उभी. डोक्यावर हंडा तसाच. किती वेळची उभी होती कोण जाणे.

“हे काय मांडलंय घरात?” ती म्हणाली.

नथूने सगळं सांगितलं. शेणीचं, पाहुण्याचं, रविवारचं, पंकजचं. शेवटी म्हणाला, “जाऊं दे गो. बागेत काय वाईट हाय. उद्या सांगतो शेटला.”

पारूने हंडा उतरवला आणि त्याच्यासमोर येऊन बसली. पेल्याकडे बघत राहिली. ती मोहफुलांच्या दारूच्या भट्टीपाशी वाढलेली पोर होती. तिची आई बाईजा लग्नकार्याला, देवकार्याला दारू गाळायची, आणि बरी-वाईट ठरवायला पोरीच्या जिभेवर थेंब ठेवायची. पण नथूच्या घरात आल्यावर पारू दारूचा वास आला की नाकाला पदर लावायची.

“शपथ तुमी घेतलीव,” ती म्हणाली. “मी नाय घेतली.”

तिने पेला उचलला. नथू नको म्हणायला गेला तोवर तिने घोट घेतला होता. तिचं तोंड वाकडं झालं, डोळ्यांत पाणी आलं. तिने दुसरा घोट घेतला, तोंडात धरला, गिळला.

“धूर नाकातून निघून जातो. जिभेवरून हलत नाय. वर हे कच्चं लिंबू, ते धुराशी भांडतंय. लिंबू निखाऱ्यावर भाजा. साखर नको, गूळ घाला.”

नथूने चुलीत लिंबू भाजलं, गूळ विरघळवला, पुन्हा पेला केला. तिने पुन्हा घेतला. “पुदिना कमी.” पुन्हा केला. तिने पुन्हा घेतला. या वेळी तिचं तोंड वाकडं झालं नाही.

“आता बरा,” ती म्हणाली आणि उठून मोरीत गेली. खूप वेळ चुळा भरत होती. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

“याच वासाला रडलेय मी,” ती म्हणाली. “परत घरात आणू नका.”

आपण काउंटरची काळजी करत बसलो आणि हिने आपल्यासाठी नको तो वास गिळला, हे नथूला लख्ख दिसलं. त्याने बाटलीत उरलेलं कुंपणाबाहेर ओतून टाकलं.

रविवारी त्याने निखाऱ्यावर लिंबं भाजली. मालकांच्या पाहुण्यांनी एक-एक पेला घेतला आणि मग दुसरा मागितला. एकाने पुदिना जरा जास्त चालला असता असं म्हटलं, पण पेला रिकामा केला. मालकांनी नथूच्या पाठीवर थाप मारली. “हाताला चव आहे तुमच्या.”

“चव बायकोची हाय शेट,” नथू म्हणाला.

सगळे हसले. त्यांना वाटलं, म्हातारा विनोद करतोय. भावेशने दाराजवळच्या फळ्यावर खडूने पेल्याचं नाव लिहिलं, ‘नथूचा धुरकट मोहितो’, आणि काउंटर कुणाचं, हे पुन्हा कुणी विचारलंच नाही.

नथूने साली चोळून हात धुतले आणि दिवेलागणीला घरी पोचला. पारूने तांब्या दिला. तो पाणी प्यायला आणि नेहमीसारखा थांबला, ती जवळ येईल म्हणून, तोंड जरासं उघडं ठेवून. पारूने त्याच्या हातातून तांब्या घेतला.

“भाकरी गरम हाय, या,” म्हणाली आणि आत निघून गेली.

नथू दारातच उभा राहिला. मग लक्षात आलं तसं त्याने तोंड मिटलं, आणि खांद्यावरच्या टॉवेलने डोळे पुसून तो जेवायला आत गेला.