एक्कावन्न मिनिटांचा पुरावा

आमच्या घरातला कॉम्प्युटर मी स्वतः बांधला आहे. हे विधान मी गेली दोन वर्षं करतो आहे आणि घरातलं कोणीही त्याला दुजोरा देत नाही.

झालं असं की आमची लेक ऋचा तेव्हा आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या प्रकल्पात एका ग्रामीण रुग्णालयाची अख्खी इमारत होती, खिडक्या-दारं-जिन्यांसकट, आणि ती सगळी कॉम्प्युटरवर उभी करायची होती. तिचा लॅपटॉप एक चित्र तयार करायला चार तास घ्यायचा आणि साडेतीन तासांनी बंद पडायचा. सबमिशनला तीन आठवडे उरले होते. सुटे भाग आणून चांगला दणकट कॉम्प्युटर जोडून घेऊ, असं तिनं ठरवलं. सीताबर्डीवर तिच्या मैत्रिणीच्या ओळखीचं दुकान होतं, ते दोन दिवसांत जोडून देणार होते. इथे मी "बरं" म्हणालो असतो तर ही गोष्ट संपली असती. मी म्हणालो, "दुकानात कशाला? ऑनलाइन मागवू आणि घरीच जोडू. मी आहे ना."

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक. (यंत्रविद्येचा अनुभव विचाराल तर शाळेतल्या पृथ्वीच्या गोलात मी एकदा बल्ब बसवला होता. दिवस आणि रात्र दोन्ही छान दिसायचे. तपासणीच्या दिवशी मात्र पूर्ण रात्र झाली.)

सुटे भाग विकणाऱ्या संकेतस्थळांचा अभ्यास करण्यात मी एक आठवडा घालवला. आलेखाच्या कागदावर तक्ता केला. प्रत्येकाच्या ग्राहक सेवेला फोन लावून पाहिला. एकानं फोन उचललाच नाही, एकानं उचलून बासरी ऐकवली, आणि एक जण इतका गोड बोलला की मी घाबरून फोन ठेवला. ऋचा रोज विचारायची, ठरलं का? मी म्हणायचो, घाईनं माणूस फसतो. दरम्यान मदरबोर्ड, रॅम, प्रोसेसर असे शब्द जेवताना माझ्या तोंडी येऊ लागले. प्रोसेसर फार तापतो, त्याला कूलर लागतो, असं मी एकदा बायकोला समजावून सांगितलं. मंदा पोळी लाटता लाटता म्हणाली, "मे महिन्यात नागपुरात कोणाले लागत नाही?"

शेवटी मी पुण्याची एक कंपनी निवडली, तीही तिच्या नियमांवर भाळून. नियमांचं पान इतकं कडक होतं की वाचताना परीक्षेच्या हॉलमध्ये उभं असल्यासारखं वाटलं. त्यातला सातवा नियम तर मी घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवला: खोका उघडताना पहिल्यापासून शेवटपर्यंत अखंड व्हिडिओ काढावा, प्रत्येक वस्तू आणि तिचा नंबर स्पष्ट दाखवावा, व्हिडिओ नसेल तर वस्तू गहाळ असल्याची तक्रार घेतली जाणार नाही. मी म्हणालो, "याला म्हणतात शिस्त. असे लोक फसवत नाहीत." हे वाक्य नंतर मला बरेच दिवस ऐकावं लागलं.

खोके आले तेव्हा सबमिशनला दहा दिवस होते. मी धुतलेला निळा शर्ट घातला, दिवाणावर पांढरी चादर पसरली आणि मंदाच्या हातात फोन दिला. आवाज स्पष्ट यावा म्हणून पंखा आणि कूलर दोन्ही बंद केले. मग मी एकेक वस्तू काढून कॅमेऱ्याला दाखवू लागलो. नंबर दोनदा वाचले, एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत. ऋचा म्हणाली की एवढं बोलायची गरज नाही. मी तिला सातवा नियम पुन्हा सांगितला. एक्कावन्न मिनिटांनी मंदाचा हात भरून आला आणि माझ्या अंगाचं पाणी झालं, तेव्हा समारंभ संपला. मी शर्ट काढून दाराजवळच्या खुंटीला अडकवला आणि आंघोळीला गेलो.

त्याच वेळी मंदाचा धाकटा भाऊ विलास आला. तो पारशिवनीला शेती करतो. इतवारीत लग्नाची भांडी घ्यायला आला होता आणि टेम्पो खाली उभा ठेवूनच जेवायला बसला. मंदानं पाटोडीचा रस्सा वाढला. विलासला रस्सा आवडतो आणि तो हातवारे करत बोलतो, त्यामुळे अर्धी वाटी त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेली. मी आंघोळ करून बाहेर आलो तर तो माझा निळा शर्ट घालून दारात निघायच्या तयारीत उभा. मंदानंच दिला होता. तो ओशाळून म्हणाला की धुऊन पाठवतो. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "शोभतो तुला. ठेव तुलाच."

मेव्हण्याला एवढ्या मोठ्या मनानं मी आयुष्यात काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जोडणीला बसलो. प्रोसेसरच्या खोक्यात त्याचा कूलर होता, माहितीची पत्रिका होती, चिकटवायचं बोधचिन्ह होतं. फक्त प्रोसेसर नव्हता. तो असतो बिस्किटाएवढा, पारदर्शक प्लास्टिकच्या चपट्या डबीत, आणि त्याच्याशिवाय बाकी सगळं म्हणजे नुसतं लोखंड. आम्ही चादर झटकली, दिवाण सरकवला, फुग्यांचं प्लास्टिक फोडून पाहिलं. मला एकाएकी आठवलं की थर्माकोल सकाळी कचऱ्याच्या गाडीत गेलाय. मी बनियनवर धावत सुटलो आणि गाडी दोन गल्ल्या पुढे गाठली. गाडीवाल्यानं शांतपणे सगळा ओला कचरा बाजूला करून आमचा थर्माकोल काढून दिला. त्यात काही नव्हतं. मी त्याचे आभार मानले आणि एक वांग्याचं देठ पायाला चिकटवून घरी आलो.

मग मी घरातल्यांची चौकशी केली. मंदानं आवरताना काही टाकलं का? ऋचानं हलगर्जीपणा केला का? दोघी नाही म्हणाल्या. म्हणजे कंपनीनं डबी पाठवलीच नव्हती.

मंदा म्हणाली, "अहो, व्हिडिओ पाहून घ्या न आधी."

"व्हिडिओ काय पाहायचा? मी स्वतः तिथे हजर होतो."

एक्कावन्न मिनिटांचा तो व्हिडिओ मी न पाहता कंपनीला पाठवला. सोबत एक पत्र लिहिलं, ज्यात 'विश्वासघात' हा शब्द चार वेळा आला. मग त्यांच्या पानावर जाऊन अभिप्राय दिला: "एक तारा देत आहे, कारण शून्य देता येत नाही. रिकामे खोके विकणारी टोळी. निवृत्त शिक्षकालाही सोडलं नाही." हे लिहीत असताना विलासचे तीन फोन येऊन गेले. भांड्यांबद्दल असतील म्हणून मी उचलले नाहीत.

कंपनीचं उत्तर तासाभरात आलं. तक्रार नोंदवली आहे, चौकशीला कामाचे सात दिवस लागतील. मी बोटांवर मोजलं. मध्ये एक रविवार येत होता. सात दिवसांनी निर्णय, मग नवा प्रोसेसर यायला चार दिवस, आणि सबमिशन नऊ दिवसांवर. ऋचानं जुना लॅपटॉप उघडला आणि रुग्णालयाचा जिना पुन्हा तयार करायला लावला. तो पंखा फिरवत कण्हू लागला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आठवडाभर तक्ते काढत बसलो नसतो तर पोरीचं काम केव्हाच झालं असतं, हे मला कोणी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. बाई बोलत होत्या, पुण्याच्या, रश्मी नावाच्या. अगदी सौम्य आवाज. त्यांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला होता. मी म्हणालो, चांगलं केलंत, म्हणजे आता तुम्हाला कळलंच असेल.

"हो सर. तुमच्याजवळ फोन आहे ना? जरा एकोणचाळीसाव्या मिनिटावर बघता का? मी थांबते."

ऋचानं तिच्या फोनवर व्हिडिओ लावला. एकोणचाळीसाव्या मिनिटाला मी डबी हातात धरून उभा होतो. नंबर वाचला, इंग्रजीत आणि मराठीत. मग माझा आवाज आला: "ही सगळ्यात नाजूक वस्तू. लोक ती इथे-तिथे ठेवतात आणि मग दुकानदाराच्या नावानं बोंबलतात. म्हणून पहिल्यांदा ही सुरक्षित जागी ठेवायची." आणि सगळ्यांच्या देखत मी डबी निळ्या शर्टाच्या खिशात घातली. वरून खिसा थोपटला.

ऋचानं व्हिडिओ थांबवला. रश्मीताईंनी विचारलं, "सर, तो शर्ट घरातच आहे ना?"

मंदानं कपाळाला हात लावला.

विलासला फोन लावला तर तो शेतात, रेंज नाही. मग त्याची बायको शोभा हिला लावला, तिनं उचलला. मंदानं निळ्या शर्टाचं विचारलं. शोभा उत्साहानं म्हणाली, "हो वं ताई, तर्रीचा डाग लागला होता न त्यालेबी. सकाळीच मशीनमध्ये धुतला, चांगला कडक निघाला. खिशात..." आणि फोन कट झाला. पुन्हा लावला तर लागेना.

ऋचा उठली, स्कूटरची किल्ली घेतली आणि मला म्हणाली, बसा. पारशिवनीपर्यंत दीड तास लागला. भर दुपारचं ऊन आणि तोंडाला दुपट्टे. कन्हानच्या पुढे सावलीत पाणी प्यायला थांबलो. तिथे ती म्हणाली, "बाबा, नाही मिळाला तर मी सबमिशन पुढच्या वेळी करीन. तुम्ही मनाला लावून घेऊ नका." ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी बाटलीचं झाकण लावत राहिलो, आणि ते उलटं बसत होतं.

विलासच्या अंगणात तारेवर निळा शर्ट वाळत होता. स्कूटर थांबायच्या आत मी उतरलो आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. कडक आणि रिकामा. मी तिथेच तुळशीजवळच्या दगडावर बसलो. शोभा पाणी घेऊन आली, माझं तोंड पाहून घाबरली, आणि विलासला बोलावण्यासाठी तिनं शेजारच्या माणसाला शेतात पिटाळलं. दहा मिनिटांत विलास धापा टाकत आला.

"भाऊजी, एवढ्या उन्हात काहून आले जी? औषधाची डबी न? आहे, आहे. मी सांभाळून ठेवली."

"औषधाची?"

"मले वाटलं तुमची शुगरची गोळी. त्यावर किती बारीक बारीक लिहिलं आहे. उन्हानं खराब होईल म्हून धुवायच्या आधीच काढली आन् फ्रीजमध्ये ठेवली. तीन फोन केले तुमाले. ग्रुपवर फोटोबी टाकला."

घरच्यांचा तो ग्रुप मी सुप्रभाताच्या फुलांना कंटाळून वर्षभरापूर्वीच बंद करून ठेवला होता.

शोभानं फ्रीज उघडला. दह्याचं भांडं आणि कैरीच्या लोणच्याची बरणी यांच्यामध्ये, एका स्टीलच्या वाटीत, झाकण ठेवून, माझा प्रोसेसर बसला होता. डबी बंद होती, आत पाण्याचा थेंबही नव्हता. ऋचानं ती दोन्ही हातांनी उचलली, पाहिली, आणि कालपासून पहिल्यांदा हसली. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी विलासला मिठी मारली. त्याला काही कळेना. मिठीतून सुटल्यावर त्यानं काळजीनं विचारलं, "पण भाऊजी, एवढी चौकोनी गोळी गिळता कशी जी?"

परत येताना डबी ऋचाच्या बॅगेत होती. मी पुन्हा एकदा खिशाचा पर्याय सुचवला, तिनं तो ऐकला नाही. रात्रभर डबी कपाटात तशीच राहू दिली, म्हणजे गारवा जाऊन आत दव धरायला नको. सकाळी ऋचानं दोन तासांत सगळं जोडलं. मी उजेडासाठी बॅटरी धरली. तिनं बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला, आणि मंदानं स्वयंपाकघरातून येऊन त्याला हळदकुंकू लावलं. जिना साडेतीन मिनिटांत तयार झाला. मी तो जिना इतक्या वेळा वर-खाली पाहिला की मलाच दम लागला. सबमिशन एक दिवस आधी झालं.

कॉम्प्युटर सुरू झाला त्याच सकाळी मी कंपनीला माफीचं पत्र लिहिलं. ते तक्रारीपेक्षा लांब झालं. अभिप्राय पुसून पाच तारे दिले. संध्याकाळी रश्मीताईंचा फोन आला. मुलीचं काम वेळेत होईल ना, असं त्यांनी आधी विचारलं, आणि मला खरंच भरून आलं. मग जरा संकोचून म्हणाल्या की ऑफिसात नव्यानं लागलेल्यांना तक्रार कशी तपासायची हे शिकवताना तुमचा व्हिडिओ दाखवला तर चालेल का?

छत्तीस वर्षं शिकवलेला माणूस मी, अशा विनंतीला नाही म्हणणं जड जातं. मी म्हणालो, दाखवा, फक्त माझा चेहरा दिसणार नाही एवढी काळजी घ्या. समाजात थोडी प्रतिष्ठा आहे.

"त्याची काळजी नको, सर," त्या म्हणाल्या. "मॅडमनी चेहरा घेतलेलाच नाही. एक्कावन्न मिनिटं नुसतं पोट आणि खिसा आहे. आमच्याकडे सगळे तुम्हाला त्यावरूनच ओळखतात."