आईचं गाणं छापताना

आई गेली तेव्हा भाऊ कॅनडात होता. तो मातीला पोचला नाही, महिन्यानंतर चर्चमध्ये तिच्यासाठी होणाऱ्या मिस्साला आला. आल्या दिवसापासून त्यानं घर ताब्यात घेतलं. फादरांशी बोलणं त्याचं, जेवणाची ऑर्डर त्याची. आईचं सगळं आजारपण मी नोकरी सोडून काढलं होतं. पण पाहुणे आले की मी चहा करायची आणि सांत्वन तो स्वीकारायचा.

मी एकच गोष्ट मागितली. आई वाडीत केळींना पाणी लावताना मरियामातेचं एक गाणं म्हणायची, आमच्या घरच्या बोलीतलं. ते कुठल्याच पुस्तकात नाही. अंथरुणावर असताना मी तिच्याकडून म्हणवून घेतलं आणि टाइप केलं. मिस्साच्या शेवटी सगळ्यांनी ते म्हणावं, असं मी फादरांना सुचवलं.

"कागद वाटलेस तर म्हणू," ते म्हणाले.

लॅपटॉप जुना, विंडोज रखडायला लागलं म्हणून मीच त्यावर लिनक्स टाकलं होतं. प्रिंटर कामणच्या एका गोदामातून आणलेला, कुठल्याशा ऑफिसानं काढून टाकलेला. आजारपणात तो जोडायला सवड झाली नव्हती. मिस्साच्या दिवशी दुपारी केबल लावली, टर्मिनलची काळी खिडकी उघडली आणि प्रिंटर जोडण्याची कमांड दिली. उत्तर आलं: 'फॉरबिडन'. मनाई.

"बाय, हे काय काळंकाळं उघडलंयस?" भाऊ मागे येऊन उभा राहिला होता.

"प्रिंटर बसवतेय."

"आगाशीत दुकानं आहेत ना? तिथून काढून आणायचे कागद."

"माझ्याकडे प्रिंटर आहे, दादा."

"हो, दिसतंय."

तो तसं हसला नसता तर मी दुकानात गेलेही असते.

माझ्या खात्याला प्रिंटर जोडायचा अधिकारच नव्हता. कमांडच्या आधी 'सुडो', म्हणजे मुख्य अधिकार मागणारा शब्द, लिहून पासवर्ड दिला, तेव्हा तो जोडला गेला. गाणं पाठवलं, तर 'फिल्टर फेल्ड'. सिस्टिमच्या नोंदींचा लॉग वाचला. मजकूर प्रिंटरला समजेल असा करून देणारी फाइलच जागेवर नव्हती. ड्रायव्हर अर्धवट बसला होता. तो काढून पुन्हा टाकला. तरी प्रिंटर ढिम्म. आता तर एररही येईना. मला रडू फुटलं. डोळे पुसून प्रिंटरची स्थिती विचारली: 'डिसेबल्ड'. आधीच्या चुकीमुळे सिस्टिमनं त्याला बंद करून ठेवलं होतं, आणि चूक सुधारल्यावरही तो आपणहून चालू होणार नव्हता. तो चालू करायची कमांड दिली. घरघर झाली आणि गरम कागद बाहेर येऊ लागले. आई 'पानी' म्हणायची, तिथे 'पानी'च छापलं होतं.

चर्चमध्ये पोचले, तर बाकाबाकांवर गुळगुळीत रंगीत पुस्तिका ठेवलेल्या. आत इंग्रजी स्तोत्रं, वर आईचा फोटो, मागे भावाच्या कुटुंबाची नावं. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कागद घेऊन फादरांकडे गेले.

"अगं, प्रिंटर चालत नाही म्हणून भावानं फोन केला होता," ते ओशाळून म्हणाले. "मी गाणं काढून टाकलं. आता क्वायरच्या गाणाऱ्यांना ऐनवेळी कसं सांगू?"

पूर्ण मिस्सा तो गठ्ठा माझ्या मांडीवर होता. शेजारच्या मावशीनं एक कागद उचलला, चष्मा आणला नाही म्हणाली, परत ठेवला.

घरी आल्यावर मी भावाला विचारलं, "फोन कशाला केलास?"

"तू रडत होतीस, बाय. वाटलं, तुझ्यानं काही होत नाही."

"मला विचारायचं तरी."

"मिस्सा छान झाली ना? मग सोड आता."

तो कॅनडाला परत गेल्यावर त्याचा मेसेज आला. मुलांना आजीचं गाणं दाखवायचंय, पीडीएफ पाठव. पाठोपाठ हात जोडल्याचं चित्र.

मी पाठवलेलं नाही. तो अधूनमधून आठवण करून देतो. मी म्हणते, बघते.